तीस तारखेचं दुकान

रविवार, 28 एप्रिल 2024

डिकीत सामान अण्णांनी लावलं. बेसन, ज्वारीचं पीठ, तेलाची बाटली, मीठ, कांदालसूण चटणी, भडंगाचा डबा आणि सगळ्यांत वर घडी घातलेली एक रिकामी कापडी पिशवी. "अण्णा, पावणेतीन तासांवर चाललोय आपण, वारीला नाही," मी म्हटलं. "तूच म्हणालीस ना, तिथं दुकान नाही म्हणून?" असं म्हणत त्यांनी हिंगाची डबीही कोपऱ्यात बसवली.

मी अगदी तसं म्हटलं नव्हतं. 'फूड डेझर्ट' म्हणजे काय ते त्यांना मराठीत सांगायला गेले आणि तोंडातून 'अन्नाचं वाळवंट' असं निघून गेलं. अमेरिकेच्या शेतीखात्याचं माप साधं आहे. गरिबी जास्त असलेल्या भागात बऱ्याच लोकांना सुपरमार्केट शहरात एक मैलाहून आणि खेड्यात दहा मैलांहून लांब पडत असेल, तर तो भाग नकाशावर रंगतो. अण्णांनी दहा मैलांचे मनात सोळा किलोमीटर केले. "मग आपला निम्मा पाटण तालुका वाळवंटच म्हणायचा की."

"तुमचं दुकान होतं ना गावात."

"व्हतं," ते म्हणाले, आणि पुढे मी राहते ते नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट शहर मागे पडेपर्यंत गप्प बसले.

माझी नोकरी किराणा मालाच्या वाहतुकीतली आहे. गोदामातून निघालेला ट्रक कोणत्या क्रमानं कोणत्या दुकानांना जाईल, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करते. माझ्या पडद्यावर दुकानं म्हणजे ठिपके. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला हे ठिपके विरळ होत होत जवळजवळ संपतात. त्या मोकळ्या जागेचं नाव मॅकडॉवेल काउंटी. बरीच वर्षं मी तिच्याकडे 'चला, तेवढंच काम कमी' अशा नजरेनं पाहत आले. अण्णांनी मात्र कोयनेकाठच्या आमच्या गावी छत्तीस वर्षं किराणा दुकान चालवलं, कराडच्या पेठेतून पोती एसटीच्या टपावर टाकून आणली. तीन महिन्यांसाठी ते माझ्याकडे आलेत. पहिल्या आठवड्यात त्यांना इथली मोठमोठी दुकानं दाखवली, तर त्यांचा प्रश्न एकच. "हे सगळं झकास हाय, पण दुकानदार कुठं बसतो?" म्हटलं, यांना घेऊनच जावं.

सत्याहत्तर नंबरचा हायवे उत्तरेला डोंगरात शिरतो. वाटेत दोन मोठे बोगदे आहेत. ईस्ट रिव्हर माउंटनच्या बोगद्यात शिरताना आपण व्हर्जिनियात असतो, बाहेर पडतो ते वेस्ट व्हर्जिनियात. लगेच ब्लूफील्ड. हे गाव उंचावर असल्यानं हवा थंड, आणि पारा नव्वद फॅरनहाइटला टेकला तर इथे लोकांना फुकट लिंबूसरबत वाटायची जुनी प्रथा आहे. अण्णा म्हणाले, "नव्वद म्हणजे आपलं किती?" बत्तीस, म्हटलं. "मग कराडला बाराही महिनं वाटावं लागंल."

मोठ्या दुकानाची पाटी दिसली तशी मी वळायला निघाले. दूध, कांदे, टोमॅटो घेऊन ठेवू, पुढे मिळेल न मिळेल. अण्णांनी हात आडवा केला. "तिथलं तिथं घेऊ. हितनं भरून न्यायचं तर मग बघायला कशाला चाललोय?" या वाक्यामुळे दुसरा अख्खा दिवस आम्ही कांद्यामागे फिरलो.

ब्लूफील्डहून बावन्न नंबरचा रस्ता धरला. वळणं मोजायची सोय नाही. कुंभार्ली घाट निदान कुठेतरी संपतो, हा उतरतो, चढतो, पुन्हा उतरतो. रस्ता, ओढा आणि रेल्वे हे तिघंच अरुंद दरी अडवून बसलेत आणि घरांनी उरलीसुरली जागा पकडली आहे. बाजूच्या घळींना इथे 'हॉलर' म्हणतात. एकेका हॉलरच्या तोंडाशी दहा-बारा टपालपेट्या एका फळीवर ओळीनं ठोकलेल्या असतात. आत किती घरं आहेत याचा अंदाज त्या पेट्यांवरून घ्यायचा. नॉर्थफोर्क, कीस्टोन अशी गावं येतात. मुख्य रस्त्यावर विटांच्या दुमजली इमारती, खाली दुकानांचे गाळे, आणि बऱ्याच गाळ्यांच्या काचांना आतून फळ्या. 1950 च्या जनगणनेत या काउंटीत 98,887 माणसं होती. 2020 मध्ये 19,111 उरली.

मुक्काम किंबलजवळ एका लाकडी केबिनमध्ये. चारचाकी मोटारसायकली घेऊन डोंगरातल्या वाटा तुडवायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी अशा केबिनी झाल्या आहेत. शेजारची मंडळी चिखलानं नखशिखांत माखून, भलतीच खुशीत परतत होती. स्वयंपाकघरात चूल चांगली, कढई चांगली. अण्णांनी बेसन भिजवलं आणि मग कपाळावर हात मारला. कांदा विसरला होता.

सोमवार, 29 एप्रिल

सकाळी कांदा आणायला निघालो. सगळ्यांत जवळ होतं ते पिवळ्या पाटीचं स्वस्त मालाचं दुकान. ही साखळी दुकानं गावोगाव दिसतात, जिथे बाकी सगळं बंद पडलंय तिथेही. आत झगझगीत उजेड, आणि पाच खोक्यांच्या ढिगाशी झटणारी एकच मुलगी. तीच माल लावते, तीच गल्ला सांभाळते. कांद्याची पूड होती. तळलेल्या कांद्याचा डबा होता. कांद्याच्या चवीचे वेफर तीन रंगांच्या पाकिटांत होते. कांदा नव्हता.

मी निघाले, पण अण्णा हलेनात. ते फळ्या वाचत होते. त्यांना इंग्रजी बेताचंच येतं, किमती मात्र येतात. साबणाची बाटली उचलून म्हणाले, "शार्लटला ही दुप्पट मोठी बघितली मी. आणि दर दुप्पट नव्हता." मग साखर, मग कॉफी. "पुडीचा धंदा हाय हा," त्यांनी निकाल दिला. "आपण रुपयाची शांपूची पुडी विकायचो तसाच. महिन्याचं पैसं नसलेल्याला दिवसाचं विकायचं. त्याला परवडल्यागत वाटतं आन दुकानदाराला किलोमागं जास्त सुटतं. मी बी केलंय." ही शेवटची तीन वाक्यं त्यांनी जरा हळू आवाजात म्हटली, जणू गल्ल्यावरच्या मुलीला मराठी कळणार होतं.

या दुकानात गरिबांना खाण्याच्या वस्तूंसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचं कार्ड चालतं. दारावर तशी पाटीच होती. कार्ड घ्यायची परवानगी हवी तर दुकानानं चार गटांत, म्हणजे भाजीफळं, मांसमासे, दूधदुभतं आणि ब्रेड-धान्य यांत, प्रत्येकी किमान तीन प्रकार ठेवावे लागतात, असा 2024 साली केंद्र सरकारचा नियम होता. त्यात भाजी डब्यातली असली तरी चालते. फरसबीचे डबे, मक्याचे डबे, सरबतात बुडवलेली पीचची फळं. नियम पाळला जातो, आणि कांदा मिळत नाही.

तिथून किंबलच्या त्या प्रसिद्ध आवारात गेलो. 2005 साली इथे वॉलमार्ट उघडलं. या दरीत एवढी सपाट जागा सापडणं हीच मोठी गोष्ट. भाजी, मांस, औषधं, टायर, सगळं एका छपराखाली, शिवाय शंभरावर नोकऱ्या. जानेवारी 2016 मध्ये कंपनीनं जगभरातली 269 दुकानं बंद करायची यादी काढली, त्यातली 154 अमेरिकेतली, आणि त्यात किंबल होतं. अकरा वर्षं. अण्णा त्या अफाट वाहनतळावर हात मागे बांधून चालत राहिले. डांबराच्या भेगांतून गवत वर आलं होतं. "अकरा वर्सात गावातली बारकी दुकानं मेली असतील," ते म्हणाले. "मग हे बी गेलं." मी म्हटलं, बारकी दुकानं त्याआधीच मरायला लागली होती, माणसंच गेली ना इथली. ते म्हणाले, "ते खरं. पण शेवटचा घाव कुणीतरी घालतंच."

याच गावात 1928 साली बांधलेली एक भारदस्त इमारत आहे, पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक. दक्षिणेतल्या शेतमजुरीतून सुटून आलेले काळे लोक, इटालियन, हंगेरियन, सगळे कोळशापायी या दऱ्यांत जमले होते. आम्ही बाहेरूनच पाहिली. पोटात कावळे ओरडत होते.

वेल्च हे काउंटीचं मुख्य ठिकाण. टग फोर्क नदी गावाच्या मधून वाहते. (पुढल्या वर्षी, फेब्रुवारी 2025 मध्ये, या नदीनं गावात घुसून काय केलं ते मी शार्लटला बसून फोनवर पाहिलं. ज्या रस्त्यावर आम्ही गाडी लावली होती तो ओळखायला मला वेळ लागला.) इथल्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर 1 ऑगस्ट 1921 ला सिड हॅटफील्डला गोळ्या घातल्या. खाणमालकांच्या भाडोत्री माणसांना अडवणारा हा पोलीसप्रमुख, खाणकामगारांचा लाडका. पायऱ्या अजून तशाच उंच आहेत. अण्णांना गुडघ्यांमुळे त्यात गोडी वाटली नाही.

पण मी वेल्चला आले होते ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. 1960 च्या मे महिन्यात केनेडी पक्षातल्या निवडणुकीसाठी वेस्ट व्हर्जिनियात फिरले आणि इथली उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अध्यक्ष झाल्यावर त्यांचा पहिला आदेशच गरिबांना वाटायचं धान्य वाढवण्याचा होता. मागोमाग फूड स्टॅम्पचा, म्हणजे दुकानात खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या सरकारी कुपनांचा, प्रयोग सुरू झाला, आणि 29 मे 1961 रोजी त्यातले पहिले स्टॅम्प वेल्चमध्ये दिले गेले. पेन्सव्हिल गावच्या ॲल्डरसन आणि क्लोई मन्सी या जोडप्याला, पंधरा जणांच्या कुटुंबासाठी, 95 डॉलरचे. त्यांनी इथल्याच हेंडरसन्स सुपरमार्केटमध्ये पहिली वस्तू घेतली, घेवडा आणि डुकराच्या मांसाचा डबा. पुढे 1964 साली कायदा झाला, कागदी स्टॅम्प जाऊन कार्ड आलं, नावही बदललं. पण सुरुवात इथली. अण्णांना मी हे रेशनकार्डाची उपमा देऊन सांगितलं. त्यांनी लगेच फरक पकडला. "आपल्याकडं सरकार धान्य देतं, दुकान बी सरकारच ठरवतं. हितं सरकार पैसं देतं, दुकान ज्यानं त्यानं शोधायचं." मग थोडं थांबून, "आन दुकान नसलं तर?"

वेल्चमध्ये एक छोटं सुपरमार्केट अजून चालू आहे. तिथे कांदा मिळाला, जाळीच्या पिशवीत तीन पौंड. टोमॅटो फिकट, कोबी चांगला, केळी अर्धी काळी. महिनाअखेर, त्यामुळे दुकान सुनं होतं. मालक की मॅनेजर कोण जाणे, एक गृहस्थ स्वतः फळ्या पुसत होते. अण्णा माझ्या कानाशी आले. "हा दुकानदार हाय. उद्या-परवा परत येऊ ह्याच्याकडं."

परतताना रस्त्याकडेला डोंगरातून निघालेला एक पाइप दिसला, त्याखाली प्लॅस्टिकच्या कॅनांची रांग. नळाच्या पाण्यावर भरवसा नाही म्हणून लोक असं पाणी भरतात. सत्तरी ओलांडलेला एक माजी खाणकामगार कॅन भरत होता. अण्णांनी काही न बोलता त्याचा दुसरा कॅन उचलून गाडीशी नेला, आणि तिथून गप्पा सुरू झाल्या, मी मध्ये दुभाषी. त्याच्या आजोबांच्या काळी घर कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, दुकानही कंपनीचंच. पगाराच्या आधी पैसे लागले तर कंपनी स्वतःची नाणी द्यायची. त्यांना 'स्क्रिप' म्हणत, आणि ती चालायची फक्त कंपनीच्या दुकानात. मी भाषांतराला शब्द शोधत होते, तोवर अण्णाच म्हणाले, "उचल! ऊसतोडीवाल्यांची असती तशी उचल. फिटतच न्हाई ती." मी त्याला ते सांगितलं. तो खूप वेळ हसला. त्याच्या आजोबांचीही फिटली नव्हती.

रात्री कांदा घातलेलं पिठलं आणि भाकरी. एका दिवसात तीन दुकानं आणि छत्तीस मैल.

मंगळवार, 30 एप्रिल

आज दक्षिणेला वॉर गावापर्यंत गेलो. कोलवुड, कॅरेटा ही एकेकाळची कंपन्यांची गावं ओलांडत. फोनला वेल्च सोडल्यावर लगेच रेंज नाही. नकाशा डोक्यात ठेवून जायचं.

वाटेतल्या एका गावात, नाव नाही लिहीत, चर्चच्या तळघरात फुकट अन्नवाटप होतं. मी आधी फोन करून मदतीला येऊ का विचारलं होतं. दहाला सुरुवात, आम्ही सव्वानऊला पोचलो, तर बाहेर गाड्यांची रांग लागलेली. बहुतेक गाड्यांत दोन-तीन माणसं. स्वतःची गाडी नसलेले शेजाऱ्याबरोबर येतात, पेट्रोलचे दहा-वीस डॉलर देतात. ते पैसे कार्डातून देता येत नाहीत, रोखच लागतात.

तीस तारखेला रांग एवढी का, ते तिथल्या मुख्य बाईंनी खोकी भरता भरता सांगितलं. कार्डावर पैसे महिन्यातून एकदा येतात. या वर्षी, म्हणजे 2024 मध्ये, एकट्या माणसाला जास्तीत जास्त 291 डॉलर, कमीत कमी 23. वीस तारखेनंतर घरोघर खडखडाट. त्यात आणखी एक गोष्ट. किंबलचं मोठं दुकान चालू असताना तारीख जवळ आलेला माल या भागातल्या अन्नवाटपाला मिळायचा. दुकान गेलं आणि तोही बंद झाला. म्हणजे गरज वाढली त्याच आठवड्यात पुरवठा तुटला. माझ्या पडद्यावर हे कधीच दिसलं नसतं. तिथे बंद दुकानाचा ठिपका पुसला जातो आणि बाकीच्या फेऱ्या सुटसुटीत होतात.

अण्णांना बटाट्यांवर बसवलं. पन्नास पौंडांची पोती फोडून पाच-पाच पौंडांच्या पिशव्या करायच्या होत्या. तराजू होता, पण ते हातानंच उचलून भरत होते. एका पोरानं गंमत म्हणून तीन पिशव्या तपासल्या. दोन बरोबर, तिसरीत एक बटाटा जास्त. "जास्त असू दे," अण्णा म्हणाले. "कमी निघाला असता तर बोल." मग पिशव्यांची तोंडं बांधायला चिकटपट्टी संपली, तर त्यांनी पोत्याचाच सुतळीदोरा उसवून किराणावाल्याची गाठ मारून दाखवली, एका हिसक्यात सुटणारी. पुढचा तासभर चारजण तीच गाठ शिकत होते.

जेवायला सूप बीन्स होत्या. पिंटो घेवडा मंद आचेवर तासन्तास शिजवलेला, वर चिरलेला कच्चा कांदा, सोबत मक्याच्या पिठाची जाड भाकर. वासानंच माणूस खुळा व्हावा. पण अण्णा माळकरी. मी बाईंना विचारलं, तर त्यांचा चेहरा पडला. घेवड्यात डुकराच्या चरबीचा तुकडा, आणि मक्याच्या भाकरीच्या तव्यालाही तीच चरबी. अण्णा म्हणाले, "त्यांना सांग, कांदा चालंल." मग त्यांनी डबा उघडला आणि भडंग सगळ्या टेबलावर फिरवलं. कच्चा कांदा घातलेलं भडंग तिथल्या लोकांना इतकं आवडलं की डबा पुसला गेला.

खिडकीत दोऱ्यात ओवलेल्या वाळक्या शेंगांची माळ टांगली होती. ही इथली जुनी रीत आहे. घेवड्याच्या कोवळ्या शेंगा दोऱ्यात ओवून सावलीत वाळवायच्या आणि हिवाळ्यात भिजवून शिजवायच्या. तिला ते 'लेदर ब्रिचेस' म्हणतात, म्हणजे चामड्याच्या तुमानी. मला माहेरच्या माळवदावरची वाळवणं आठवली, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा, त्यांवर राखणीला बसवलेली मी. लोकांना भाजी खायची माहीतच नाही, असं शहरातली माणसं फार सहज बोलतात. ज्यांची आजी शेंगा वाळवून ठेवायची आणि फळं बाटल्यांत भरायची, त्यांना भाजी काय असते ते कुणी शिकवायची गरज नसते. मी विचारलं, परसात अजून लावता का? बाई म्हणाल्या, लावतात, पण सपाट जमीन म्हणजे ओढ्याकाठची पट्टी, तिथे पूर येतो. वर डोंगरात लावलं तर हरणं खातात. आणि गुडघे कुणाचे राहिलेत?

संध्याकाळी गॅरीवरून परतलो. युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीच्या खाणींचं हे मोठं ठाणं. ऐंशीच्या दशकात त्या बंद पडल्या. गाडीत हे सांगितलं, तर अण्णांनी विचारलं, "ऐंशीच्या दशकात म्हणजे नेमकं?" मी म्हटलं, कुठल्या आधी, कुठल्या नंतर, पण तेव्हाच.

"आपला संप ब्याऐंशीचा."

मुंबईच्या गिरण्यांचा संप, जानेवारी 1982. आमच्या गावातून घरटी एक माणूस गिरणीत नाहीतर गोदीत. त्यांची मनीऑर्डर दहा-बारा तारखेला यायची, आणि बायका पोस्टातून थेट अण्णांच्या दुकानात येऊन उधारीची वही मिटवायच्या. फेब्रुवारीत मनीऑर्डरी आल्या नाहीत. मार्चमध्ये आल्या नाहीत. "मी द्यायचं थांबवलं न्हाई," अण्णा म्हणाले. "दिवाळीपतुर दिलं. मग कराडच्या शेठनं मला द्यायचं थांबवलं." हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आईची पाटली मोडली होती एवढंच माहीत होतं, कधी आणि कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं. "दुकान बंद पडायला गिऱ्हाईक जायला लागत न्हाई. गिऱ्हाईक तिथंच असतं, उपाशी. त्याच्या हातातला पैसा गेला की दुकान जातं." नंतर वळणं आली आणि ते झोपले.

बुधवार, 1 मे

महाराष्ट्र दिन, आणि इथे पहिली तारीख. सकाळी नवाच्या सुमाराला वेल्चच्या त्या सुपरमार्केटपुढे गाडी लावायला जागा नव्हती. वेस्ट व्हर्जिनियात कार्डावर पैसे महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत येतात, आडनावाच्या पहिल्या अक्षरानुसार. म्हणजे आज फक्त पहिली अक्षरं, तरी एवढी गर्दी. सोमवारी फळ्या पुसणारे गृहस्थ आज तीन ठिकाणी एकदम होते. केळी पिवळीधमक.

गर्दी ओसरल्यावर अण्णांनी मला पुढे ढकललं. "विचार, माल आठवड्यातून कितींदा येतो. आन किमान किती घ्यावा लागतो." मी विचारलं. गृहस्थांनी आधी मला नीट निरखलं. हा प्रश्न प्रवासी विचारत नाहीत. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि थांबेनात. ठोक पुरवठादाराची एका खेपेची किमान रक्कम ठरलेली. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत ती सहज भरते. वीस तारखेनंतर भरत नाही, मग एकतर न खपणारा माल मागवायचा नाहीतर ट्रक चुकवायचा. ट्रक चुकला की भाजी नाही. भाजी नाही तर ज्यांच्याकडे गाडी आहे ते ब्लूफील्डला जातात आणि तिथेच साबण-साखरही भरतात. कोरडा माल, ज्यात चार पैसे सुटतात, तो पिवळ्या पाटीवाल्यांनी नेला. यांच्याकडे उरलं सडणारं सामान आणि शीतकपाटांचं विजेचं बिल.

त्या किमान खेपेला आमच्या धंद्यात 'ड्रॉप साइझ' म्हणतात. तो आकडा माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एका चौकटीत भरायचा असतो. ड्रायव्हरला कायद्यानं दिवसाला अकरा तासच गाडी चालवता येते, आणि बावन्न नंबरच्या वळणांवर त्यातले तास भराभर संपतात, म्हणून डोंगराळ भागासाठी आम्ही तो आकडा वाढवतो. मी स्वतः वाढवलाय. मी हे त्यांना सांगितलं नाही. अण्णांना गाडीत बसल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "कराडचा शेठ बी वाईट न्हवता."

निघताना चर्चमधल्या मुख्य बाईंचा निरोप होता. ब्लूफील्डला जाताय तर आमच्या एका मैत्रिणीला सोडाल का? येताना तिचा भाचा कामावरून सुटून आणेल. साठीची बाई, सोबत मोठा थर्माकोलचा कूलर, आणि तीन घरांच्या तीन याद्या. एक तिची, दोन शेजारणींच्या, रोख पैशांसह. पन्नास मिनिटांच्या वाटेत तिनं आम्हाला प्रत्येक वळणावर पूर्वी कोण राहायचं ते सांगितलं. ती पेट्रोलचे वीस डॉलर पुढे करत होती. अण्णांनी दोन्ही हात जोडून नाही म्हटलं, त्यावर तिनं मुकाट्यानं सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली आमच्या डिकीत ठेवली.

ब्लूफील्ड गाव दोन राज्यांत पसरलंय. तिला हवं होतं ते मोठं दुकान व्हर्जिनियाच्या बाजूला. अण्णा गाडा ढकलत तिच्यामागून. ती सगळं घेत होती, फक्त दूध आणि मांस शेवटच्या फेरीला. गल्ल्यावर तिनं तीन ढीग वेगळे केले. पहिला कार्डावर. अण्णांची बेरीज तोंडी चालूच होती, आणि पहिल्या ढिगाला यंत्राशी सेंटसकट जुळली. दुसऱ्या ढिगाला चुकली. सगळा खायचाच माल, अण्णांचे झाले साठ डॉलर, यंत्र म्हणालं साठ डॉलर साठ सेंट. त्यांनी पुन्हा केली. पुन्हा साठ.

"त्यांना इचार, साठ सेंट कशाचं?"

बाईला विचारायची गरज पडली नाही, त्यांचं बोट पावतीवर पाहूनच तिला कळलं. वेस्ट व्हर्जिनियानं किराण्यावरचा कर 2013 साली काढून टाकला. व्हर्जिनियात अजून शेकडा एक आहे. कार्डावरच्या मालाला लागत नाही, रोखीच्या मालाला लागतो. शेजारीण दर महिन्याला हिशोबात हे साठ-सत्तर सेंट विसरते आणि ही आपल्या खिशातून घालते.

अण्णांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं. बाहेर येऊन तिनं बर्फाची पिशवी कूलरमध्ये फोडली, दुधाचे कॅन त्यात खोचले, झाकण लावलं आणि भाचा येईपर्यंत त्याच्यावरच बसून राहिली.